लिटरभर इंजिनाला भाता

मिरगाच्या तोंडावर आमच्या गावात लोहाराकडे गर्दी उसळते. वखराच्या पासा, विळे, कुऱ्हाडी, सगळं एकदाच पाजवायचं असतं. कोळसा तेवढाच, भट्टी तेवढीच. पण पोराने भात्याला जोर दिला की लालसर निखारा पिवळाजर्द होतो आणि लोखंड वाकायला तयार होतं. गाडीतला टर्बो म्हणजे हाच भाता. फक्त तो ओढायला पोरगं लागत नाही, भट्टीतून वाया जाणारा धूरच त्याला फिरवतो.

इंजिनात पेट्रोल वाढवणं सोपं असतं, ते हवं तेवढं फवारता येतं. घोडं अडतं हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पोटभर श्वास घेतं, म्हणजे मिनिटाला २००० फेरे असताना फार तर हजार लिटर हवा. फवारणीच्या पाण्याचे २०० लिटरचे पाच ड्रम समजा. सहावा ड्रम हवा असेल तर इंजिन मोठं करा, हा जुना उपाय. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ सालीच दुसरा उपाय पेटंट करून ठेवला होता: धुराच्या झोताने एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा कोंबायची.

याने किती फरक पडतो ते पाहायला फोक्सवॅगनचं ईए२११ हे इंजिन-घराणं बरं, कारण त्यात भाता असलेला आणि नसलेला, असे दोन सख्खे भाऊ आहेत. २०२० साली आपल्याकडच्या पोलो गाडीत दोघेही मिळत होते. दोघांनाही तीन सिलिंडर, दोघांचाही आकार ९९९ सीसी. बिनटर्बोवाल्याची ताकद ७६ अश्वशक्ती, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ९५ न्यूटन-मीटर. टर्बोवाल्याची ११० अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर, तोही १७५० फेऱ्यांपासूनच. भरल्या गाडीने नाल्यातून वर येताना कामी येतो तो हा टॉर्क. याच घराण्यातला दीड लिटरवाला थोरला चार सिलिंडरचा, १५० अश्वशक्तीचा. पण काम हलकं असलं की तो दोन सिलिंडर बंद करून बसतो. हुशार आहे.

आता विदर्भाचा मुद्दा, तो म्हणजे ऊन. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. त्यात हवा दाबली की ती आणखी तापते. सायकलचा पंप मारताना त्याचं तोंड हाताला चटका देतं, तसंच. ४५ अंशांची हवा पावणेदोन-दोन पट दाबली, तर आकडेमोडीने ती सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. एवढी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली तर ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचायच्या आधीच मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकतो आणि इंजिन खडखडतं. म्हणून वाटेत इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारं यंत्र, बसवतात. या टर्बोवाल्यांमध्ये तो पाण्याने गार होणारा आहे. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं; ते वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतं, अंगणात सडा टाकल्यावर गारवा येतो तसं. एवढं करूनही खडखड सुरू झालीच तर संगणक ठिणगी उशिरा टाकतो, आणि मे महिन्याच्या दुपारी गाडी थोडी मंद वाटते. बिघाड नसतो तो.

मायलेजचं गणित मात्र नीट समजून घ्या. मोठं इंजिन सावकाश चालताना अर्धं नाक दाबून श्वास घेतं आणि त्यात ताकद वाया जाते. लहान इंजिनाची ही ओढाताण कमी होते. बचत आहे ती इथे. पाय दाबून धरला की भाता जोरात, आणि पेट्रोलही जोरात. जाहिरातीतला आकडा पाहून नाराज होणारे बहुतेक जण पाय दाबणारे असतात, असा माझा अनुभव.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना हा भाता खरा कळतो. वर, सुमारे ११०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास कमी. साधं इंजिन तेवढं धापा टाकतं. टर्बो जरा जास्त फिरून ती तूट भरून काढतो. पण त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळशा थरावर, आणि शेजारचा धूर ९०० अंशांच्या पुढे जातो. म्हणून तेल वेळेवर बदलणं आणि कच्च्या रस्त्याची धूळ अडवणारा एअर फिल्टर साफ ठेवणं, यात हयगय चालत नाही.

गाडी घेतली तेव्हा आमच्या मिस्त्रीने बजावलं होतं, "घाट चढल्याबरोबर चाबी नोका घुमवू भाऊ, तिले दम खाऊ द्या." तेलाचा पंप थांबला की गरम दांड्याजवळ अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो, हे त्याला डिझेल जीपांवरून ठाऊक. नव्या इंजिनांत टर्बोभोवती पाणीही खेळतं, त्यामुळे ही भीती बरीच कमी झाली आहे. तरी मी वर पोहोचल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवतो. मग चावी फिरवतो, उतरतो, आणि बंद गाडीच्या बॉनेटखालून बारीक घूं-घूं ऐकू येत राहते. टर्बोला पाणी पाजणारा छोटा विजेचा पंप अजून कामावर असतो.