सोळा दिवसांत गुलाबी

लँडसॅट-८ हा उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि दर १६ दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. २५ मे २०२० रोजी तो बुलडाणा जिल्ह्यावरून गेला तेव्हा लोणारचं सरोवर नेहमीसारखं हिरवं होतं. पुढची फेरी १० जूनची, आणि त्या चित्रात सरोवर चक्क गुलाबी! या कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर. सव्वा किलोमीटर रुंदीचं लोणार त्यात आडवं जेमतेम चाळीसेक ठिपक्यांत मावतं. तरी रंग लपला नाही.

उपग्रहाला दिसतो तो पाण्यात शिरून, आतून विखरून पुन्हा वर आलेला सूर्यप्रकाश. स्वच्छ, खोल पाणी तांबडा प्रकाश पिऊन टाकतं, निळा परत पाठवतं. शेवाळ माजलं की त्यातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा दोन्ही गिळतं, उरतो हिरवा. पुराचा गाळ आला की पाणी तपकिरी. मधल्या हवेची लुडबुड असतेच, ती हिशेबातून वजा करावी लागते.

लोणारचं पाणी खारं, वर अल्कधर्मी. सामू (पीएच) दहाच्या आसपास. स्पिरुलिनासारख्या सूक्ष्मजीवांना ते मानवतं, म्हणून एरवीचा हिरवा रंग. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठातच रमणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचं फावलं. कडक उन्हापासून बचावासाठी ते अंगात गाजर-टोमॅटोतल्या रंगांच्या कुळातलं लालसर रंगद्रव्य बाळगतात. ते निळा-हिरवा प्रकाश शोषतं.

इराणचं उर्मिया सरोवर २०१६ मध्ये असंच हिरव्याचं लाल झालं होतं. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये तर १९५९ साली रेल्वेसाठी घातलेल्या भरावाने पाण्याचे दोन भाग पडले. उत्तरेकडे नद्यांचं गोडं पाणी फारसं पोचत नाही, म्हणून तिथे खारटपणा जास्त. तो भाग लालसर, दक्षिणेचा हिरवट-निळा. अवकाशातून मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी दिसते.

पण रंग दिसला म्हणजे कारण कळलं असं नाही. लोणारबाबत सुरुवातीला संशय होता ड्युनालिएला या शेवाळावर. तेही खाऱ्या पाण्यात लाल होतं. उपग्रहाला दोघांतला फरक सांगणं अवघडच. त्यासाठी कुणीतरी विवरात उतरून बाटलीभर पाणी आणायला हवं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तपासणीचे आदेश दिले आणि नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पोचले. तिथे त्यांत हॅलोआर्किया सापडले. नमुने स्थिर ठेवल्यावर हे सूक्ष्मजीव तळाशी बसले, आणि वरचं पाणी नितळ, बिनरंगी निघालं.