अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं तर

मुलाला मधुमेह निघाला की कोल्हापुरात आजीचा पहिला संशय गुळावर जातो. गूळ बिचारा निर्दोष आहे. मुलांमध्ये प्रामुख्याने आढळतो तो टाइप १ मधुमेह. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा फडशा पाडते. गोड किती खाल्लं याचा त्याच्याशी संबंध नाही.

अशी मुलं दवाखान्यात तातडीने दाखल होतात ती बहुतेक वेळा डायबेटिक कीटोॲसिडोसिसमुळे. डॉक्टर त्याला ‘डीकेए’ म्हणतात. इन्सुलिन नसलं की साखर पेशींत शिरत नाही, रक्तातच साचते. १०० मिलिलिटर रक्तात साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीवाटे जाऊ लागते आणि सोबत पाणीही ओढून नेते. पोरगं घटाघटा पाणी पितं, सारखं लघवीला पळतं, भरपूर खाऊनही वाळत जातं. पेशी मात्र उपाशीच, म्हणून शरीर चरबी जाळायला काढतं. त्यातून यकृतात कीटोन नावाचे आम्ल पदार्थ तयार होतात, रक्त आम्लधर्मी होतं. मग उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास.

घोळ होतो तो इथेच. उलटी झाली म्हणजे बाहेरचं खाणं बाधलं, धाप लागली म्हणजे छातीत कफ, आणि एप्रिल-मे असेल तर तहान उन्हाचीच! अशक्तपणा घालवायला वर ग्लुकोज पावडर नाहीतर उसाचा रस पाजला जातो.

सगळ्यात बोलक्या लक्षणाला तर घरात कुणी आजारच मानत नाही: अंथरुणात शू करणं सुटलेलं मूल पुन्हा करू लागतं. इटलीतल्या पार्मा भागात १९९१ पासून नेमकं हेच सांगणारी पोस्टर्स शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांकडे लावली गेली. नव्याने निदान होणाऱ्या मुलांतलं डीकेएचं प्रमाण काही वर्षांत ७८ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आलं. मला तरी हे कोणत्याही नव्या औषधाइतकंच मोलाचं वाटतं. बोटातल्या रक्ताच्या थेंबाची तपासणी गल्लीतल्या दवाखान्यातही मिनिटभरात होते.

उपचार मात्र मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवेत. आधी सलाइन, तासाभराने इन्सुलिनचा मंद डोस, जोडीला पोटॅशियम, दर तासाला साखरेची तपासणी. शंभरात एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते आणि डीकेएतल्या मृत्यूंचं मोठं कारण तीच असते. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा आजाराचं निदान वाटेला लागण्यापूर्वीच झालेलं बरं.

निदान झालेली मुलंही पुन्हा दाखल होतात, विशेषतः वयात येताना. या वयातल्या संप्रेरकांमुळे इन्सुलिन जास्त लागतं आणि नेमकं तेव्हाच मित्रांसमोर सुई टोचून घ्यायची लाज वाटते. वजन घटतं म्हणून मुद्दाम डोस चुकवणाऱ्या मुलीही असतात. कुणी ‘मुळापासून बरं करणारं’ चूर्ण देऊन इन्सुलिन बंद करायला लावतं. हा प्रकार सरळ जिवावर बेतणारा.

आणखी एक गैरसमज पक्का बसलेला आहे: ताप-उलट्यांत पोरानं काही खाल्लं नाही, मग इन्सुलिन कशाला? आजारपणात साखर उलट वाढते. डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना फोन करून विचारावं, पण इन्सुलिन पूर्ण बंद ठेवू नये.