फाट्याच्या टोकाची सपाटी : अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांतला मोकळा मुक्काम

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत नळ, संडास, टेबल, क्रमांकाची पाटी यांतले काहीही नसलेल्या जागी तंबू लावून राहता येते. तिथे याला ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात. शुल्क नाही, बहुतेक ठिकाणी आरक्षण नाही, आणि मुक्कामाची मर्यादा सहसा १४ दिवसांची. फिनिक्स, डेन्व्हर किंवा सिएटलला नव्याने आलेले मराठी कुटुंब पहिल्यांदा विचारते ते हेच, की या जागांची यादी कुठे मिळेल? बहुतेक वनांकडे अशी यादीच नाही, कारण या जागा कोणी आखलेल्या नाहीत. जमिनीचे व्यवहार, लाकूडतोड आणि गाड्यांचे नियम यांतून सव्वाशे वर्षांत त्या उरत गेल्या. हे थर नकाशावर ओळखता आले, की जागा सापडते.

त्यासाठी आपल्याकडची एक सवय आधी बाजूला ठेवावी लागते. १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि वनाधिकाऱ्याने ठरवून दिलेल्या काळाबाहेर विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे. परवानगी हा तिथे अपवाद. अमेरिकेत याच्या उलट रीत पडली, आणि तीही जवळजवळ त्याच घराण्यातून. हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस निवृत्त होऊन जर्मनीत परतले, तेव्हा गिफर्ड पिंचो हा तरुण अमेरिकन त्यांना भेटला. वनशास्त्र कुठे आणि कसे शिकावे याचा सल्ला त्याने त्यांच्याकडून घेतला. हेच पिंचो १९०५ मध्ये राष्ट्रीय वने सांभाळणाऱ्या अमेरिकी वनसेवेचे पहिले प्रमुख झाले. वनशास्त्र एकाच परंपरेतले, पण कायदा मात्र वेगळ्या हातांनी लिहिला गेला. १८९१ पासून राष्ट्राध्यक्षांनी पश्चिमेकडची जंगले राखीव करायला सुरुवात केली, तेव्हा खाणवाले आणि गुरेवाले खवळले. त्यांना शांत करण्यासाठी १८९७च्या कायद्यात स्पष्ट लिहिले गेले, की रास्त आणि कायदेशीर कामासाठी या वनांत येण्यापासून कोणालाही अडवता येणार नाही. मात्र येणाऱ्याने नियम पाळावेत. आजच्या मोकळ्या मुक्कामाचे मूळ या वाक्यात आहे. एखाद्या जागी राहायला बंदी असेल तर तसा लेखी आदेश असतो. आदेश नसेल आणि नियम पाळले जात असतील, तर राहता येते.

ही मोकळीक कोणाच्या जमिनीवर मिळाली, हेही इथेच सांगायला हवे. कोलोरॅडोतल्या व्हाइट रिव्हर भागातून यूट लोकांना १८८१ मध्ये सक्तीने युटात हलवले गेले आणि त्यानंतर दहाच वर्षांत तिथले जंगल राखीव झाले. अशीच कहाणी अनेक वनांची आहे.

सुरुवातीची वीस वर्षे सगळाच मुक्काम ‘मोकळा’ होता, कारण दुसरा प्रकारच नव्हता. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली आणि शहरातली माणसे थेट ओढ्याकाठी गाडी उभी करू लागली. रेंजरांना दोन भीती होत्या. एक विस्तवाची : १९१०च्या वणव्यात आयडाहो आणि माँटानातली सुमारे ३० लाख एकर जमीन जळाली होती. दुसरी पाण्याची : त्याच ओढ्याचे पाणी खाली गावे पीत होती आणि टायफॉइड तेव्हा नेहमीचा होता. म्हणून चुली एका ठिकाणी आणायच्या आणि संडास खोदायचे, असा उपाय निघाला. ओरेगनमध्ये कोलंबिया नदीच्या खोऱ्यात १९१६ मध्ये झालेले ईगल क्रीक हे वनसेवेचे पहिले आखीव कॅम्पग्राउंड मानले जाते. १९१९ मध्ये वनसेवेने आर्थर कारहार्ट या भूदृश्य रचनाकाराला नोकरीत घेतले आणि कोलोरॅडोतल्या ट्रॅपर्स लेक या तलावाभोवती उन्हाळी बंगल्यांचे भूखंड पाडायला पाठवले. तो तलाव आहे तसाच राहू द्यावा, असे त्यांनी परत येऊन सांगितले.

पुढच्या सगळ्या व्यवस्थेला शास्त्र दिले ते एमिलिओ माइनेके यांनी. ते वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. कॅलिफोर्नियात मोठमोठी झाडे कॅम्पच्या जागीच का वाळतात, हे तपासताना त्यांना कारण मुळाशी सापडले. चाकांनी आणि पावलांनी माती दबते, तिच्यातली हवेची पोकळी संपते, पाणी मुरत नाही आणि वरवरची बारीक मुळे मरतात. रोपे उगवत नाहीत, काही वर्षांत जागेची धूळ होते. मग माणसे शेजारच्या हिरव्या जागेकडे सरकतात आणि तिथेही हेच घडते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सुचवलेला आराखडा आज अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक कॅम्पग्राउंडमध्ये दिसतो : एकेरी वळसा घालणारा रस्ता, प्रत्येक जागेला गाडीपुरता खाचा, गाडी पुढे जाऊ नये म्हणून मोठे दगड, आणि हलवता न येणारी चूल व टेबल. महामंदीत १९३३ ते १९४२ या काळात सरकारी रोजगार शिबिरांतल्या तरुणांनी अशी शेकडो कॅम्पग्राउंड बांधली. आखीव आणि मोकळे असे दोन प्रकार वेगळे झाले ते तिथून.

मग आज ज्या मोकळ्या जागा दिसतात त्या आल्या कुठून? बहुतांश लाकडातून. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणी वाढली, खाजगी जंगले तुटत आली आणि राष्ट्रीय वनांतले लाकूड विक्रीला निघाले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला सुमारे १२ अब्ज बोर्ड फूट (एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड फळी) लाकूड तिथून निघत होते. ओंडके काढायचे तर ट्रक जाईल असा रस्ता हवा. मुख्य रस्त्यापासून फाटे काढले गेले आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एक सपाटी केली गेली. तिथे ओंडके ओढून आणायचे, छाटायचे, ट्रकवर चढवायचे आणि ट्रक वळवायचा. या सपाटीला ‘लँडिंग’ म्हणतात. १९९०च्या सुमारास जुन्या जंगलात राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाच्या संरक्षणावरून पश्चिमेकडची लाकूडविक्री झपाट्याने घसरली, ट्रक थांबले आणि सपाट्या राहिल्या. वनसेवेकडे आजही साडेतीन लाख मैलांहून जास्त रस्ते आहेत. ‘आदिम’ म्हणून आवडणारी आपली जागा बहुधा अशी एक सपाटी असते, आणि ती शोधायची रीतही त्यातूनच मिळते.

उपग्रह नकाशावर मुख्य रस्त्यापासून निघालेला, अर्धा मैल ते मैलभर जाऊन संपणारा फाटा पाहावा. टोकाशी फिकट रंगाचा गोल किंवा लांबट डाग दिसला, की तो उंचीच्या रेषांच्या नकाशावर ताडून घ्यावा. तिथे रेषा एकमेकींपासून लांब असतील तर जागा सपाट आहे. रेषा खोलगट V करून डागातून जात असतील तर ती पाण्याची वाट आहे. कोरडी दिसली तरी सोडून द्यावी. फाट्यांचे क्रमांकही वाचता येतात. मुख्य रस्ता ५२५ असेल तर त्याचे फाटे ५२५ए, ५२५बी, ५२५सी असे. प्रत्यक्ष रस्त्यावर क्रमांकाची पाटी आडवी असेल तर साधी गाडी जाईल अशी निगा अपेक्षित असते. आकडे एकाखाली एक असे उभे असतील तर तो रस्ता उंच गाडीसाठी आहे. नवखे लोक अडकतात ते बहुतेक ही उभी पाटी न ओळखल्याने.

दुसरा थर गाड्यांच्या नियमांचा. मोटरसायकली आणि जीप वाढल्या तशा त्या झाडीतून कुठेही जाऊ लागल्या. १९७२ मध्ये निक्सन यांनी आणि १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यावर आदेश काढले, पण बरीच वने तरीही ‘बंदी नसेल तिथे खुली’ अशीच राहिली. वनसेवेचे तेव्हाचे प्रमुख डेल बॉसवर्थ यांनी अनिर्बंध पर्यटन हा वनांपुढच्या चार मोठ्या धोक्यांपैकी एक ठरवला. नोव्हेंबर २००५ मध्ये नियम उलटा झाला : जो रस्ता नकाशावर नेमून दिला आहे तोच गाडीला खुला, बाकी सगळे बंद. तो नकाशा म्हणजे ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’. प्रत्येक वन तो काढते आणि फुकट देते. पायी चालणाऱ्याचा हक्क यात फारसा बदलला नाही. गाडीजवळ राहणाऱ्याचा बदलला, आणि बहुतेक लोक गाडीजवळच राहतात.

हा नकाशा काळापांढरा आणि रूक्ष असतो. त्यावर डोंगर नाहीत, झाडी नाही, कॅम्पच्या जागाही नाहीत. तो पुढील क्रमाने वाचावा. आधी कोपऱ्यातली आवृत्तीची तारीख पाहावी. दोन वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेला नकाशा धरून चालू नये. मग रस्त्याच्या रेषेच्या बाजूने ठिपके आहेत का ते पाहावे. ठिपके म्हणजे त्या रस्त्यापासून ठरावीक अंतरापर्यंत मुक्कामासाठी गाडी आत नेता येते. हे अंतर प्रत्येक वनाच्या तक्त्यात लिहिलेले असते. अनेक ठिकाणी ३०० फूट, काही ठिकाणी त्याहून खूप कमी. ठिपके कधी रस्त्याच्या एकाच बाजूला असतात, हे नजरेतून सुटते. ठिपके नसतील तर गाडी रस्त्याला लागून, साधारण एका गाडीच्या लांबीइतक्या अंतरात उभी करायची आणि तंबू चालत आत न्यायचा. शेवटी हंगामाचा तक्ता : काही रस्ते हिवाळ्यात किंवा हरणांच्या विणीच्या काळात बंद असतात. उपग्रहावर स्पष्ट दिसणारा फाटा या नकाशावर नसेल तर तो गाडीला बंद आहे, मग तिथे फाटक असो वा नसो. मोबाइलवरची वाटाड्या ॲप असे बंद रस्ते बिनदिक्कत दाखवतात, म्हणून दंडाच्या पावत्या होतात.

जमिनीच्या मालकीचा थरही तपासावा लागतो. पश्चिमेत १८६० च्या दशकात रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे दिले गेले. त्यातले पुष्कळ पुढे लाकूड कंपन्यांकडे गेले, म्हणून काही वने आजही बुद्धिबळाच्या पटासारखी आहेत. पूर्वेत तर वने सरकारने १९११च्या वीक्स कायद्याखाली विकत घेतली. विकले त्यांच्याकडून घेतले, न विकणारे आतच राहिले. त्यामुळे नकाशावरच्या हिरव्या सीमेच्या आत पांढरे ठिगळ दिसले तर ते खाजगी समजावे.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना राज्यात राष्ट्रीय वन नाही. जवळचा पर्याय न्यूयॉर्क राज्याचे कॅट्सकिल. त्याचा मूळ कायदा १८८५चा, राज्याचा आणि वेगळा. आजचे नियमही वेगळे : रस्ता, पायवाट आणि पाणी यांपासून किमान १५० फूट दूर, किंवा ‘इथे मुक्काम करा’ अशी चकती लावलेल्या जागीच राहायचे. ३५०० फुटांच्या वर हिवाळ्याचा ठरावीक काळ सोडून मुक्कामाला मनाई आहे.

जागेवर पोचल्यावरचे नियम कडक वाटतात, पण त्यामागे माइनेके यांचीच माती आहे. वनसेवेचे संशोधक डेव्हिड कोल यांच्या अभ्यासातून दिसले, की कोऱ्या जागेची बरीचशी हानी पहिल्या थोड्याच मुक्कामांत होते. पुढच्या मुक्कामांनी त्यात तुलनेने कमी भर पडते. म्हणून आधीच उघडी पडलेली, दगडांची चूल असलेली जागा घ्यावी आणि नवी करू नये. पाण्यापासून २०० फूट, म्हणजे मोठ्या माणसाची ७० ते ८० पावले. शौचासाठी खड्डा ६ ते ८ इंच खोल. त्याहून उथळ असला तर जनावरे उकरतात आणि खोल असला तर कुजवणारे जिवाणू कमी असतात. वर पाहायला विसरू नये : खोडकिड्याने मेलेले उभे झाड वाऱ्यात न चाहूल देता पडते. झाडाच्या उंचीइतके अंतर सोडूनच तंबू लावावा.

विस्तवाचा आदेश निघायच्या दिवशी पाहावा, आदल्या आठवड्यातला धरू नये. निर्बंधाच्या पहिल्या टप्प्यात साधारणपणे आखीव कॅम्पग्राउंडमधल्या पक्क्या चुली चालतात, पण मोकळ्या जागेवरची दगडी चूल चालत नाही. दुसऱ्या टप्प्यात पक्क्या चुलीही बंद. झडप असलेली गॅसची शेगडी सहसा चालते. कॅलिफोर्नियात तिलाही मोफत परवाना लागतो. चूल विझवायला वीसेक लिटर पाणी वेगळे ठेवावे. ओतायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा ओतायचे आणि राखेला हाताची पाठ लावून पाहायची. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरावे, वाळवंटी भागात जास्त.

संध्याकाळी उजेड असताना पोचावे. फाट्यात गाडी घालण्याआधी पुढे चालत जाऊन वळायला जागा आहे का ते बघावे. ॲरिझोना आणि युटात चिकणमातीचे रस्ते पावसात साबणासारखे होतात. चारही चाकांना जोर असला तरी उतारावर गाडी सरकते, म्हणून ढग दिसले तर डांबरी रस्त्याजवळची जागा घ्यावी. एकाच भागातल्या तीन जागा मनात ठरवून निघावे, कारण शुक्रवारी रात्री पहिली रिकामी मिळेलच असे नाही.

२०२० मध्ये साथीमुळे गर्दी एकदम वाढली आणि काही वनांनी मोकळ्या मुक्कामालाच आखीव रूप दिले. कोलोरॅडोत क्रेस्टेड ब्युटभोवतीच्या खोऱ्यांत आता क्रमांकाचे खांब रोवलेल्या जागीच, आणि ॲरिझोनात सेडोनाच्या पश्चिमेला नेमून दिलेल्या जागीच राहता येते. सोय काही नाही, शुल्क नाही, पण नेमून दिलेली जागा नसेल तिथे तंबू नाही. अशा भागात ३०० फुटांचा जुना हिशेब लागू होत नाही, आणि खाच्यांची संख्या ठरलेली असते. प्रत्येक वनाचे साधारण तालुक्याएवढे भाग केलेले असतात. निघण्याआधी आपल्या भागाचे रेंजर कार्यालय शोधून फोन करावा. ‘राहता येईल का’ असे विचारले तर ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘या क्रमांकाच्या रस्त्यावर खांबांच्या जागा आहेत का, आणि त्याच्या पुढचा फाटा यंदा उघडलाय का’ असे विचारावे.