संडास मोजले, टाकी राहिली

पावसाळ्यात काळ्या मातीच्या गावात कुणाची तरी 'सेफ्टी टाकी' हमखास तुंबते. सेप्टिक टँकला खेड्यात हेच नाव आहे. घाण नालीत येते, शेजारी भांडतो, तक्रार ग्रामपंचायतीत जाते. ग्रामसेवक सांगतो, "नालीत सोडू नका." मग सोडायचं कुठं, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही. हा प्रश्न कायद्याच्या नजरेत फार उशिरा आला.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे विदर्भ ज्यात होता त्या जुन्या प्रांतात, गावच्या स्वच्छतेसाठी 1920 मध्ये वेगळा कायदा झाला, 1946 मध्ये पंचायत कायदा आला आणि 1948 पासून जनपद सभा, म्हणजे तालुका पातळीवरच्या स्थानिक संस्था, आल्या. पण त्या काळात खेड्यात घरी संडास क्वचितच असे. लोक गोदरीत, म्हणजे उघड्यावर, जात, त्यामुळे स्वच्छता म्हणजे रस्ता, उकिरडा आणि विहीर एवढंच.

विचार करणारी माणसं इथं होती. 1936 मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. विनोबा पवनारहून सुरगावला रोज चालत जाऊन मैला साफ करत. गाडगेबाबांचा झाडू तर अमरावती जिल्ह्याचाच. सेवाग्रामच्या परंपरेत मैला चरात टाकून वर माती लोटायची आणि त्याचं खत करायचं, अशी रीत होती. घाण मातीत परत गेली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. पुढे सिमेंटची टाकी आली आणि हा हिशेब मोडला, असं माझं मत.

1959 पासून विदर्भालाही मुंबई ग्रामपंचायत कायदा लागू झाला. त्याच्या कलम 45 आणि ग्रामसूचीत, म्हणजे पंचायतीच्या कामांच्या यादीत, स्वच्छता हे पंचायतीचं काम ठरलं, आणि कलम 52 मध्ये गावात बांधकामाआधी पंचायतीच्या परवानगीची अट आली. टाकीवर नियंत्रण ठेवायचं तर दार हेच आहे. पण परवानगीच्या अर्जात भिंती आणि जागेची हद्द पाहिली जाते. जमिनीखाली काय बांधणार, हे फारसं कुणी विचारत नाही.

1986 मध्ये केंद्राचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम आला, 1999 मध्ये संपूर्ण स्वच्छता अभियान. 2000-01 मध्ये राज्यानं गाडगेबाबांच्या नावानं गावोगावी स्पर्धा लावली आणि 2003 मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार सुरू झाला. सगळ्यांचा भर एकाच प्रश्नावर होता : घरी संडास आहे का? 2010 च्या सुमारास पंचायत कायद्यातच तरतूद आली की, ज्याच्या घरी संडास नाही किंवा जो तो वापरत नाही, तो पंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला पहाटे शिट्ट्या वाजवत गुड मॉर्निंग पथकं फिरली. 2014 पासून संडास बांधायला स्वच्छ भारतचे 12,000 रुपये मिळू लागले आणि एप्रिल 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला.

या 12,000 रुपयांत दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधावा, अशी सरकारी शिफारस होती. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, पहिल्यातला मैला तोवर कुजून कोरडं खत होतो. पण लोकांना मोठी टाकीच हवी होती. "एकदाच मोठी खोदू, आपल्या हयातीत भरायची नाही" हा विचार तसा मूर्खपणाचा नाही. खड्डा उपसायचा कुणी, या प्रश्नामागे जात उभी असते, आणि तो प्रश्नच येऊ नये म्हणून टाकी मोठी होत जाते. गवंडी तळ कच्चा ठेवतो, म्हणजे ती खऱ्या अर्थानं सेप्टिक टँकही नसते. त्यात काळी माती फुगते, पाणी जिरू देत नाही. वऱ्हाडात हे जास्त जाणवतं. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात भूजल उथळ असतं, तिथं गळकी टाकी थेट विहिरीच्या जिवावर उठते. नांदेडच्या टेंभुर्णीचा शोषखड्डा राज्यभर गाजला खरा, पण तो सांडपाण्यासाठी, मैल्यासाठी नव्हे.

2013 च्या कायद्यानं माणसाला संरक्षणाच्या साधनांशिवाय टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं. त्यात 'स्थानिक प्राधिकरण' म्हणजे पंचायतही आली. अशा मृत्यूसाठी 10 लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ही रक्कम 30 लाख केली. ती ज्यांच्या घरी जाते त्यांची जात सहसा वेगळी सांगावी लागत नाही.

म्हणजे उपसायला यंत्रच हवं. मैला ओढून घेणारी गाडी तालुक्याहून मागवावी लागते. टाकी दोन-तीन वर्षांत उपसावी असं तांत्रिक मानक सांगतं, पण गाडी येते ती टाकी तुंबल्यावरच. मैला घेऊन ती कुठं जाते, हे विचारणारं कुणी नसतं. जवळचा नाला किंवा पडीक शेत सोयीचं असतं. 2020 नंतर स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात मैला व्यवस्थापन आलं आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 30 टक्के भाग स्वच्छतेसाठी बांधील झाला. पैसा आला, पण एकट्या लहान गावाला प्रक्रिया केंद्र परवडत नाही. चार-पाच पंचायतींनी मिळून तालुक्याच्या शहराशी करार करणं हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

अनुदानाच्या वेळी लाभार्थ्याला संडासाच्या दाराशी उभं करून फोटो काढला गेला. टाकी त्या फोटोत नाही. ती त्याच्या मागं, जमिनीखाली होती.