आडवी बाटली

गावातले किंवा शहरी प्रभागातले परवान्याचे दारू दुकान मतदानाने बंद करण्याच्या महाराष्ट्रातील पद्धतीला लोकांनी दिलेले नाव. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. मत गुप्त असते, आणि चित्र पाहून द्यायचे असल्याने अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कुणाला विचारावे लागत नाही. नवरा किंवा मुलगा त्याच दुकानाचा गिऱ्हाईक असेल, तर चारचौघांत हात वर करणे तिला जड जाते. पडद्याआड तसे होत नाही. पद्धतीचे खरे बळ इथेच आहे.

कायद्याचा आधार १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा. सध्याची रीत २००८ च्या शासन आदेशाने ठरलेली आहे. गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जातो. सह्यांची पडताळणी होते, ती पूर्ण झाली की मतदान लागते. दुकान बंद व्हायला ५० टक्क्यांहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. हे ५० टक्के झालेल्या मतदानाचे नव्हेत, यादीतील एकूण महिला मतदारांचे. बहुतेक गावे इथेच हरतात.

यादीत १,२०० महिला असतील तर अर्जाला ३०० सह्या पुरतात, पण बंदीला ६०१ मते लागतात. समजा ९०० जणी आल्या. आडव्या बाटलीला ५८० मते पडली, उभीला २९०, आणि ३० बाद झाली. दुप्पट मते मिळवूनही दुकान चालूच राहते. घरी राहिलेल्या ३०० जणी जणू उभ्या बाटलीच्याच बाजूने मोजल्या जातात. दुकानदाराच्या बाजूला म्हणून प्रचाराची फारशी गरज नसते. बायका घराबाहेर पडल्या नाहीत तरी त्याचे काम होते.

त्यामुळे मोर्चा किंवा सभेआधी मतदार यादी हातात घ्यावी. मयत झालेल्या, लग्न होऊन सासरी गेलेल्या, कामासाठी कायमच्या शहरात राहायला गेलेल्या बायकांची नावे त्यात वर्षानुवर्षे पडून असतात, आणि अशा प्रत्येक दोन नावांमागे एक जादा मत मिळवावे लागते. नावे वगळण्याचे अर्ज सह्यांची मोहीम सुरू होण्याआधीच द्यावेत. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दिवाळीनंतरचे मतदान जवळपास हरलेलेच असते, कारण मजूर कुटुंबे वसंतापर्यंत परतत नाहीत.

सह्या ३०० लागत असतील तर ४०० गोळा कराव्यात. सुनेने सासूची सही केली, एकीनेच दोनदा केली, अंगठ्यापुढे नाव लिहायचे राहिले, यादीत माहेरचे नाव आणि अर्जात सासरचे, अशा कारणांनी पडताळणीत सह्या गळतात. प्रत्येक सहीसमोर यादीतला अनुक्रमांक लिहिल्यास गळती बरीच कमी होते. पडताळणीचा दिवस मजुरीचा असेल तर त्या दिवसाचे कामाचे बोलणे शेतमालकांशी आधीच करून ठेवावे लागते.

अर्ज आणि मतदान यांमधला काळ सर्वांत अवघड. तारीख कळत नाही, आमिष आणि दमदाटी सुरू होते, आणि पुढे आलेल्या चार-पाच बायकांवर घरातूनच दबाव येतो. या काळात गल्लीवार बायका नेमून, प्रत्येकीकडे वीस-पंचवीस घरे देऊन सतत भेटत राहणाऱ्या गावांचा टिकाव लागतो. नुसत्या एका मोठ्या सभेवर विसंबणाऱ्यांची मते मतदानाच्या दिवसापर्यंत विरून जातात.

जिल्हापातळीवरील दारूबंदी ही वेगळी बाब. ती शासनाच्या निर्णयाने येते आणि तशीच जाऊही शकते. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये लोकचळवळीतून आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली.

आडवी बाटली जिंकली तरी बंद होते ते परवान्याचे दुकान. हातभट्टी आणि शेजारच्या गावातून पिशवीत येणारी दारू यांवर या मतदानाचा अंमल नाही. त्यासाठी पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रारी कराव्या लागतात. तक्रार लेखी द्यावी, विक्रीची जागा व वेळ लिहावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा पाठपुरावा करायला हातात कागदच उरत नाही.