कार्नेगी हॉलमधील कृष्णवर्णीय कलावंतांच्या मैफली

न्यूयॉर्कमध्ये सातवा ॲव्हेन्यू आणि ५७वा रस्ता जिथे मिळतात तिथले कार्नेगी हॉल हे सभागृह १८९१ मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी, जून १८९२ मध्ये, सिसिरेटा जोन्स या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या, गायिका तिथे गायल्या. इथे गाणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. मात्र त्यांचे गाणे झाले ते तळमजल्याखालच्या छोट्या सभागृहात.

हॉल भाड्याने मिळत असे, ही बाब इथे कळीची आहे. भाडे भरणारा आयोजक असला की रंगमंच मिळे. त्यामुळे यातल्या कितीतरी मैफली कसल्या ना कसल्या मदतनिधीसाठी झालेल्या दिसतात. २ मे १९१२ रोजी संगीत-संचालक जेम्स रीस युरोप यांनी क्लेफ क्लब या कृष्णवर्णीय वादकांच्या संघटनेच्या सव्वाशे वादकांना मंचावर आणले, ते न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातील कृष्णवर्णीयांच्या संगीतशाळेसाठी. त्या ताफ्यात मँडोलिन आणि बँजोंचा भरणा होता, शिवाय एकाच वेळी वाजणारे अनेक पियानो.

२३ डिसेंबर १९३८ रोजी संगीत-निर्माते जॉन हॅमंड यांनी भजनांपासून स्विंग या नाचऱ्या जॅझपर्यंतचा कृष्णवर्णीय संगीताचा पट एकाच रात्री मांडला. त्यांना हवा असलेला ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन ऑगस्टमध्येच वारला होता. हॅमंड यांनी मंचावरून त्याच्या तबकड्या ऐकवल्या आणि त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झी यांना उभे केले. जानेवारी १९४३ मध्ये जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांनी ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ ही कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरची दीर्घ रचना सादर केली. समीक्षकांनी नाके मुरडली. एलिंग्टन यांनीही ती नंतर क्वचितच अखंड वाजवली. आज मात्र त्यांचे नाव निघाले की हिचा उल्लेख टळत नाही.

जॅझ गायिका बिली हॉलिडे यांची मार्च १९४८ ची मैफल वेगळ्या कारणाने महत्त्वाची. अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाल्याने त्यांना पोलिसांचे ‘कॅबरे कार्ड’ हे परवानापत्र मिळेना आणि ते नसले की न्यूयॉर्कमध्ये दारू विकणाऱ्या क्लबात गाता येत नसे. कार्नेगी हॉलला ती अट लागू नव्हती. म्हणजे शहरातल्या साध्या क्लबात जिला बंदी, ती तुरुंगातून सुटल्यावर काही दिवसांतच शहरातल्या सर्वांत प्रतिष्ठित मंचावर गायली. तिकिटे संपली, तेव्हा श्रोत्यांसाठी मंचावरही खुर्च्या मांडाव्या लागल्या.

नोव्हेंबर १९५७ मध्ये त्या तिथे पुन्हा गायल्या, तोही मदतनिधीचाच कार्यक्रम होता. त्याच रात्री पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन एकत्र वाजवत होते. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी नभोवाणीने केलेले ते ध्वनिमुद्रण जवळपास अर्धशतक कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. २००५ मध्ये ते लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडले आणि त्याच वर्षी प्रसिद्धही झाले.