नाव बदलल्याशिवाय तारण नाही?

वऱ्हाडातल्या गावांत एक गोष्ट वर्षानुवर्षे फिरते: येशूवर विश्वास ठेवला की नाव बदलावं लागतं, टाळ-मृदंग सुटतो. हे साफ चूक आहे.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय 15 वाचा. परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, आधी सुंता करून यहुदी रीत घ्यावी का, यावर यरुशलेमेत मोठा वाद झाला. येशूचा शिष्य पेत्र याने ठणकावून सांगितलं, तारण, म्हणजे पापातून सुटका, प्रभू येशूच्या कृपेनेच होतं. सुंतेचं ओझं कुणावर लादलं गेलं नाही.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) 1895 साली झाला. नाव तेच राहिलं, आणि अभंग तर त्यांनी ख्रिस्तावरच रचले!

आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री ओसरीवर प्रार्थना होते. ढोलकी वाजते, पराटीने (कापसाच्या झाडाने) ओरखडलेले हात टाळ्यांचा ठेका धरतात. बाप्तिस्म्याला कुणी हौसेने नवं नाव घेतंही; सातबाऱ्यावरचं मात्र जुनंच चालतं.